लहरी चाचण्यांचा बंदोबस्त (लेखांक ७)

दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काम करणाऱ्या चमूला, प्रत्येक नव्या बदलानंतर सबंध जुन्या कामाची हाताने फेरतपासणी करणे अशक्य असल्यामुळे, ती जबाबदारी स्वयंचलित रिग्रेशन टेस्टवर सोपवावी लागते, हे मागील लेखांकात आपण पाहिले. परंतु कोडमध्ये एका अक्षराचाही फेरफार झालेला नसताना जी टेस्ट सकाळी उत्तीर्ण होते आणि दुपारी नापास होते, त्या ‘फ्लेकी’ टेस्टचे काय करावे? गूगलने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, त्यांच्याकडील टेस्टच्या एकूण निकालांपैकी सुमारे दीड टक्का असे लहरी असत. हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. पण उत्तीर्ण होणारी टेस्ट नापास होऊ लागल्याच्या प्रसंगांपैकी सुमारे ८४ टक्के प्रसंगांत लहरी टेस्टच गुंतलेली असे, हे त्याच माहितीतले दुसरे निरीक्षण मला फार गंभीर वाटते. कारण बहुतेक इशारे निष्कारण ठरू लागले की खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी मान वर करून पाहत नाही.

कारणांचा शोध इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली अपाचेच्या प्रकल्पांतील दुरुस्त्या तपासून घेतला, तेव्हा सर्वांत मोठा वाटा अपुऱ्या प्रतीक्षेचा निघाला. बटण दाबल्यावर सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत थांबण्याऐवजी टेस्ट दोन सेकंद स्वस्थ बसते आणि मग पडद्यावर काय दिसते ते पाहते; सर्व्हरवर भार असला की ते दोन सेकंद अपुरे पडतात. दोनाचे पाच केल्याने टेस्ट मंद होते, विश्वसनीय होत नाही. अपेक्षित स्थिती प्रत्यक्ष येईपर्यंत वारंवार पाहत राहावे आणि त्या पाहण्याला एक कमाल मुदत मुक्रर करावी, हाच खरा उपाय होय.

दुसरे कारण क्रमावलंबनाचे. २०११ साली जावाची सातवी आवृत्ती आली आणि जेयुनिटमधील टेस्ट लिहिल्या त्याच क्रमाने चालतील हा भरवसा उरला नाही. एकीने मागे ठेवलेल्या डेटावर दुसरी गुजराण करीत होती, हे अनेक ठिकाणी तेव्हाच उघडकीस आले. जेयुनिटने पुढे क्रम पुन्हा निश्चित केला खरा, परंतु माझ्या मते क्रम मुद्दाम बदलून पाहणेच अधिक हितावह आहे.

भारतातील चमूंनी घड्याळाचे कारण विशेष ध्यानात ठेवावे. सर्व्हर जागतिक वेळेवर आणि हिशेब भारतीय तारखेवर असेल, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोहोंच्या तारखा भिन्न असतात. नेमक्या त्याच वेळात चालणारे रात्रीचे बिल्ड नापास होते, आणि सकाळी दहाला पुण्यात कोणी तीच टेस्ट चालवली की ती निर्वेध उत्तीर्ण होते. अशा टेस्टला यंत्राचे घड्याळ न पाहू देता ठरावीक वेळ बाहेरून पुरवावी.

आता सर्वत्र रूढ झालेल्या एका शिरस्त्याविषयी. नापास झालेली टेस्ट आपोआप तीनदा चालवावी आणि एकदा जरी उत्तीर्ण झाली तरी बिल्ड हिरवे दाखवावे, ही तजवीज मला अत्यंत घातक वाटते. जबानी फिरवणाऱ्या साक्षीदाराचे सोयीचे तेवढे वाक्य दप्तरी दाखल करून मामला निकाली काढण्यासारखीच ती आहे. पुनश्च चालवणे कारणाच्या शोधासाठी अवश्य करावे, परंतु प्रत्येक अपयशाची नोंद, लॉग आणि पडद्याचे चित्र यांसह, शाबूत राहिली पाहिजे.

कारण सापडेपर्यंत त्या टेस्टला मुख्य संचातून अलग ठेवावे, हा मार्टिन फाउलर यांनी २०११ साली मांडलेला मार्ग मला ग्राह्य वाटतो. मात्र अलग ठेवलेल्या टेस्टच्या संख्येवर वा मुदतीवर मर्यादा हवी, हा त्यांचाच आग्रह बहुतेक चमू सोयीस्करपणे विसरतात. प्रत्येक टेस्टमागे एका व्यक्तीचे नाव असावे, दुरुस्तीचे काम स्प्रिंटच्या नियोजनात इतर कामांच्या बरोबरीने धरले जावे, आणि मुदत टळल्यावर टेस्ट दुरुस्त तरी व्हावी किंवा बडतर्फ तरी. परंतु बडतर्फीचा हुकूम काढण्यापूर्वी दोष टेस्टचाच आहे याची शहानिशा व्हावी. दोन थ्रेड एकाच खात्यातील शिल्लक एकाच क्षणी बदलीत असतील, तर शंभरातून एकदा नापास होणारी टेस्ट सत्यच सांगत असते, आणि तिला काढून टाकल्यास तोच दोष पुढे ग्राहकाच्या खात्यात प्रकट होतो.