उत्तर मागणारें चित्र

भाषा म्हणजे केवळ शब्दांची व नियमांची यादी नव्हे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'च्या आधारें महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, व तिचें ऋण आम्ही मानतों. तथापि कठीण उताऱ्याचें बिनचूक भाषांतर करणारा विद्यार्थी परक्या माणसाच्या साध्या प्रश्नानें गोंधळून मुका उभा राहतो, हेंही आम्हीं वर्गांत वारंवार पाहिलें आहे. त्याचें ज्ञान अपुरें असतें असें नाहीं. तत्काळ उत्तर देण्याचा प्रसंगच त्याजवर कधीं आलेला नसतो.

असा प्रसंग वर्गांत आणण्याचा एक उत्तम यत्न अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत झाला. फ्रेंच शिकविण्यासाठीं जिल्बेर्त फुर्स्टेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं तेथें फिलिप नांवाच्या तरुणाची चित्रकथा रचिली. ती १९९३ सालीं प्रसिद्ध झाली. फिलिपला पॅरिस शहरांत राहावयास जागा हवी असते, व ती शोधण्यास विद्यार्थ्यानें साह्य करावयाचें असतें. टेलिफोनवरील निरोप ऐकावे, घरें पाहावीं, सल्ला द्यावा. जसा निर्णय, तसा कथेचा शेवट. ही कथा लेसर-तबकडीवर होती. अशा तबकडीच्या एका बाजूस सुमारें ५४,००० चित्रें मावत व प्रत्येकास क्रमांक असे. फीत पुढें-मागें गुंडाळावी लागत नसल्यामुळें संगणक हवें तें चित्र कांहीं क्षणांत काढी. म्हणूनच कथेस फांद्या फुटूं शकल्या. आज हेंच काम साधा संगणक किंवा मोबाईलही करितो.

यांतील मर्म यंत्रांत नसून थांबण्यांत आहे. नुसतें चालतें चित्र मुलें करमणूक म्हणून पाहतात. तें थांबून प्रश्न विचारूं लागलें, कीं कान टवकारतात. निरोप नीट न ऐकल्यास घर हातचें जातें, ही शिक्षा लाल शाईच्या फुलीहून अधिक शिकविते, आणि चारचौघांत हसें होण्याचें भयही राहत नाहीं.

ज्या शाळेंत एकच पडदा आहे, तेथेंही हें साधेल. दोन-तीन मिनिटांचाच प्रसंग घ्यावा. प्रथम तो मातृभाषेंतील ओळींवांचून दाखवावा. ऐन वळणावर शिक्षकानें तो थांबवावा व विचारावें, "आतां हा काय म्हणेल?" वर्गाचें उत्तर घेऊन मगच पुढें जावें.

मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. बोटानें पर्याय निवडणें म्हणजे बोलणें नव्हे. चित्रानें प्रश्न विचारावा, पण उत्तर मुलाच्या मुखांतूनच आलें पाहिजे, व तें धीरानें ऐकून घेण्यास शिक्षक समोर असलाच पाहिजे.