हिंगण्याची पाटी

संपादकांनी मला पुण्यातल्या कर्वेनगरला पाठवलं ते ‘महर्षींच्या झोपडी’वर चार ओळी आणायला. झोपडी आहे, जपलेली आहे, आणि तिच्यासमोर उभं राहिलं की जे वाटायचं ते वाटतं. मला मात्र पाट्या वाचायची खोड. एकाच संस्थेची किती नावं! अनाथ बालिकाश्रम, हिंगणे स्त्री शिक्षण संस्था, आणि आता महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था. नाव बदलताना माणसं काय सोडतात आणि काय धरून ठेवतात, याचाच विचार मग डोक्यात घोळत राहिला.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्याबद्दल त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. १९०० साली प्लेगच्या भीतीने आश्रम शहराबाहेर हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरला, गेला. रावबहादूर गोखले यांनी जागा दिली, तिथे झोपडी उभी राहिली. कॉलेज संपलं की कर्वे सामान घेऊन चालत हिंगण्याला जायचे. हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे.

पुस्तकात सहसा नसते ती गोष्ट नावाचीच आहे. आश्रमाआधी कर्व्यांनी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ काढली होती. दोनेक वर्षांत तिचं नाव झालं ‘विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी’. उत्तेजन गेलं, अडथळा दूर करणं तेवढं राहिलं. एका शब्दाची ही माघार. पुढे आश्रम काढताना तर त्यांनी पुनर्विवाहाची चळवळ आश्रमापासून निक्षून वेगळी ठेवली. इथे मुलगी शिकेल, स्वतःच्या पायावर उभी राहील. लग्न लावून देणं हे आश्रमाचं काम नाही. सनातनी घरातला बाप आपली विधवा लेक पाठवायला तयार झाला तो या अटीमुळे.

याची किंमत घरातच मोजावी लागली. संस्थापकाची बायको स्वतः पुनर्विवाहित, म्हणजे आश्रमाच्या दारात तीच अडचण. गोदूबाईंच्या, म्हणजे बाया कर्व्यांच्या, ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्या दिवसांची सल आहे. नवरा हिंगण्याला, बाई मुलांसह शहरात. मूल्यं टिकवण्याच्या गोष्टी ऐकताना मला हल्ली बायाच आठवतात. टिकवण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर पडला, ते कुणी विचारत नाही.

आश्रमात मला खरं अडकवलं ते मात्र बायांच्या धाकट्या बहिणीने. पार्वतीबाई आठवले. देवरुखची, विसाव्या वर्षी विधवा, पदरी एक मुलगा, केशवपन केलेली. सव्विसाव्या वर्षी पुण्याला येईपर्यंत शिक्षण जवळजवळ नाहीच. तिथून आश्रमात शिकणारी, मग आश्रम चालवणारी, आणि नंतर वर्गणी मागत गावोगाव फिरणारी बाई. गंमत अशी की तिचं मुंडन केलेलं डोकं हाच तिचा परवाना होता. केस असलेल्या सुधारक बाईला दारातूनच परत पाठवणारं घर या सोवळ्या बाईला पाट देत होतं. कर्व्यांच्या सगळ्या तडजोडी तिच्या रूपाने दारोदार हिंडत होत्या. कित्येक वर्षांनी तिने मुंडनाची प्रथा स्वतःपुरती मोडली. आणि १९१८ साली इंग्रजी शिकायला, वर्गणी जमवायला थेट अमेरिकेला गेली. तिथे परक्यांच्या घरी घरकामही केलं. ‘माझी कहाणी’त ती हे विनातक्रार सांगते. घर हेच बाईचं खरं क्षेत्र असं मानणारी ही बाई, एकटी समुद्र ओलांडून जाते. हा विरोधाभास सोडवायच्या भानगडीत मी पडत नाही.

तोवर कर्वे पुढे सरकले होते. विधवांपुरती संस्था पुरेना, तेव्हा १९०७ साली महिला विद्यालय काढलं, १९१६ साली महिला विद्यापीठ. आता हिंगण्याच्या त्याच आवारात मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९१ पासून. विधवांच्या आश्रमाने इंजिनिअर घडवाव्यात, यात मूळ विचारापासून दूर गेल्यासारखं काही नाही. पाया तोच, स्वतःच्या पायावर उभं राहणं. आश्रम मात्र सुरुवातीला ब्राह्मण विधवांसाठीच होता, हे झाकायचं कारण नाही. कर्व्यांनी १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध ‘समता संघ’ काढला. इतका उशीर का, हा प्रश्न उरतोच.

मला काळजी आहे ती यशाची. नावाजलेल्या संस्थेच्या दारात आता प्रवेशासाठी रांगा लागतात, आणि रांग लागली की कुणाला घ्यायचं यापेक्षा कुणाला नाकारायचं हे ठरवणं सोपं जातं. एकेकाळी जिच्यासाठी दार उघडलं होतं ती, फी परवडत नसलेली, घरातून निघायलाच बंदी असलेली मुलगी या रांगेत दिसत नाही. ती रांगेपर्यंत पोचतच नाही. गणवेशातल्या मुली हसत बाहेर पडत होत्या. त्यांच्याबद्दल मला काहीच तक्रार नाही. पण संस्थेच्या पुढच्या पाटीवर काय लिहिलं जाईल, हे या बाहेर राहिलेल्या मुलीवरून ठरावं असं मला वाटतं.

आश्रमाची गरज संपली, असं कुणी म्हणालं तर त्यांना शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडला पाठवावं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावाच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र काढायचं, या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. साल होतं २०२२.