वजन उतरलं, ओझं राहिलं

चाळीस-पन्नास किलो वजन उतरवलेल्या माणसाचं आपण तोंडभरून कौतुक करतो. 'अर्धा झालास की रे!' म्हणतो. त्याच्या सदऱ्याखाली काय दडलंय, ते मात्र आपल्याला दिसत नाही. वर्षानुवर्षं ताणलेली कातडी चरबी गेली म्हणून पूर्ववत आवळत नाही. ती पोटावरून झोळीसारखी लोंबते. कुणाची जांघेपर्यंत, कुणाची मांडीपर्यंत.

या घडीखाली घाम साचतो, कातडीला कातडी घासते. मग बुरशी, खाज, वास, कधी चिघळणाऱ्या जखमा. मलम लावलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. मुंबई-कोकणच्या दमट उन्हाळ्यात तर विचारूच नका! चालताना ती झोळी हिंदकळते, पाय अडतो. ज्या व्यायामानं वजन उतरलं, तोच नकोसा होतो.

ही कातडी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया काही आजची नाही. अमेरिकेत बाल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये ती केली. काढलेला भाग ७ किलोंहून अधिक भरला होता. तिला आता 'पॅनिक्युलेक्टॉमी' म्हणतात. 'टमी टक' वेगळी. तिच्यात पोट सुडौल दिसावं म्हणून स्नायूही आवळतात. इथं हेतू एकच, त्रास संपवणं. घडीच गेली की बुरशीला थारा उरत नाही, स्वच्छता सोपी होते, चालणं सुटसुटीत होतं.

अर्थात, हा वजन घटवण्याचा जवळचा रस्ता नव्हे. आधी वजन निदान सहा महिने स्थिर हवं. जठराची शस्त्रक्रिया झाली असेल, तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं. तंबाखू-सिगारेट महिनाभर आधीच बंद, साखर आटोक्यात, आहारात पुरेशी प्रथिनं. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहतो. जखम उशिरा भरणं, आत पाणी साचणं, पायात रक्ताची गुठळी होणं हे धोकेही आहेत. ते सर्जनकडून नीट समजून घ्यावेत.

घरात असं कुणी असेल, तर 'आता या वयात कशाला नटायचंय?' असं म्हणण्याआधी क्षणभर थांबा. त्याला नटायचं नसतं हो. अंघोळीनंतर अंग कोरडं व्हावं आणि दुपारी घराबाहेर पडताना धास्ती वाटू नये, इतकंच त्याचं मागणं असतं.