रीडिंग वाढवली, गोंधळ तेवढाच!

एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला माझं काम सोपं होतं. एका मंद इन्फ्रारेड एलईडीचा प्रकाश फोटोडायोडने मोजायचा. डब्याला काळी टेप लावली, लॅबमधले दिवे बंद केले. तरी ग्राफवरची रेघ गोगलगायीसारखी वर सरकायची, मग खाली. व्हायवा नऊ दिवसांवर. सर म्हणाले, "जास्त वेळ अ‍ॅव्हरेज घे." घेतलं. आकडा सुधारायचं नाव घेईना.

साध्या नॉईजमध्ये शंभर रीडिंग घेतली की चूक दहापट कमी होते. पण त्यासाठी एका रीडिंगचा दुसऱ्याशी काही संबंध नसावा लागतो. माझ्या वाट्याला आला होता फ्लिकर नॉईज, म्हणजेच वन बाय एफ. १ ते १० हर्ट्झमध्ये त्याची जेवढी पॉवर, तेवढीच ०.१ ते १ मध्ये, तेवढीच ०.०१ ते ०.१ मध्ये. तुम्ही जितका वेळ थांबाल, तितकी आणखी संथ गडबड मोजमापात येऊन बसते. जे. बी. जॉन्सन यांनी १९२५ मध्ये व्हॅक्यूम ट्यूबमध्ये हा प्रकार नोंदवला होता. म्हणजे दुखणं शंभर वर्षं जुनं!

डायोडमध्ये हा नॉईज बरेचदा पृष्ठभागावरून येतो. क्रिस्टल जिथे संपतो तिथे अर्धवट बंध उरतात. त्यात इलेक्ट्रॉन अडकतात, सुटतात. कुणी क्षणात सुटतो, कुणी मुक्कामच ठोकतो. त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे ती सरकणारी रेघ. शिवाय रिव्हर्स व्होल्टेज वाढवलं की डायोडमधली गळती वाढते, आणि तिच्याबरोबर हा नॉईजही. मी पाच व्होल्ट लावले होते, डायोड फास्ट चालावा म्हणून. स्थिर प्रकाश मोजायला स्पीड कशाला हवा होता, देव जाणे.

शेवटी पीएचडी करणारा एक दादा सर्किट बघून हसला. "बायस शून्य कर. आणि चॉपर लाव."

चॉपर विकत घ्यायला पैसे कुठले? जुन्या कम्प्युटरच्या पंख्यावर दहा खाचांची पुठ्ठ्याची चकती चिकटवली. सेकंदाला ३७ फेऱ्या, म्हणजे प्रकाश ३७० हर्ट्झने चालू-बंद. मुद्दाम ५० च्या पटीत नाही, नाहीतर विजेची गुणगुण पकडली जाते. लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर फक्त ३७० हर्ट्झचंच ऐकतो. संथ नॉईज खाली आपल्या जागी राहतो. रॉबर्ट डिकी यांनी १९४६ मध्ये रेडिओ लहरी मोजताना हीच युक्ती वापरली होती. सिग्नल आणि रेफरन्स यांच्यात भराभर अदलाबदल.

रेघ सरळ झाली, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

व्हायवाला परीक्षकांचा पहिला प्रश्न, "हा पंखा कशाला? डायोड तापतो का?"