कीर्द वेगळी, खतावणी वेगळी

जुन्या पेढीवर दिवसभराचे व्यवहार आधी कीर्दीत उतरत, घडले त्या क्रमाने. मग सवडीने खतावणी व्हायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं, प्रत्येक मालाचं खातं वेगळं दिसू लागायचं. एकाच व्यवहारासाठी दोन वह्या कशाला, असं मुनिमाला कुणी विचारत नसे. आज कारखान्यात कीर्दीच्या जागी ईआरपी आहे आणि खतावणीच्या जागी डेटा वेअरहाउस. ही दोन जोडताना मात्र तोच प्रश्न हमखास निघतो, आणि त्यामागोमाग बरेच गैरसमजही.

गैरसमज : सगळा डेटा ईआरपीतच आहे, मग रिपोर्टही तिथूनच काढा.

बिल करताना ईआरपी मोजक्या ओळींना हात लावते आणि लगेच मोकळी होते. ‘पाच वर्षांत कोणत्या मालावरचा नफा घटला?’ या प्रश्नाला लाखो ओळी चाळाव्या लागतात. महिनाअखेरीला असा एक रिपोर्ट सुरू झाला की गेटवर ट्रक भरून उभा असतो आणि चलन काही निघत नाही. शिवाय ईआरपीची टेबलं व्यवहार झटपट नोंदवता यावेत अशी बांधलेली असतात. सॅप कंपनीच्या ईआरपीत विक्रीच्या ऑर्डरचा माथा ‘व्हीबीएके’ टेबलात, मालाच्या ओळी ‘व्हीबीएपी’त आणि ग्राहक ‘केएनए१’मध्ये. विक्री व्यवस्थापकाने यातून वाट कशी काढावी? विश्लेषणासाठी सॅपने १९९८ मध्ये बीडब्ल्यू हे स्वतंत्र वेअरहाउस आणलं.

गैरसमज : वेअरहाउस म्हणजे ईआरपीची प्रत.

माझ्या मते सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. वेअरहाउसची कल्पना रुजवणाऱ्या बिल इनमन यांनी त्याची चार लक्षणं सांगितली : डेटा विषयवार मांडलेला, एकसंध केलेला, काळाचं भान ठेवणारा आणि एकदा आत आला की न पुसला जाणारा. यातलं काळाचं भान प्रतीत येत नाही.

एक उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. बोईसरच्या ग्राहकाचा पत्ता ईआरपीत दुरुस्त करताना ‘ठाणे’ पुसून ‘पालघर’ लिहिलं जातं. व्यवहारापुरतं ते योग्यच, कारण पुढचा माल योग्य पत्त्यावर जायला हवा. पण वेअरहाउसने तो बदल जसाच्या तसा उचलला, तर २०१३ ची विक्रीही पालघरच्या नावावर चढते. ठाण्याचा जुना आकडा घटतो आणि त्या वर्षी छापलेल्या अहवालाशी काही केल्या जुळत नाही. राल्फ किम्बॉल यांच्या पद्धतीत याला साधा उपाय आहे. जुनी ओळ तशीच ठेवायची, तिला शेवटची तारीख लावायची आणि त्याच ग्राहकाची नवी ओळ नव्या तारखेपासून सुरू करायची. मग २०१३ चं बिल ठाण्याकडे बोट दाखवतं, २०१५ चं पालघरकडे. दोन्ही खरी.

‘आता सगळं मेमरीत चालतं, वेअरहाउसचे दिवस संपले’ असंही ऐकू येतं. आजचा साठा किंवा आजची थकबाकी ईआरपीतूनच झटकन मिळते, हे खरं आहे आणि चांगलंही आहे. पण मेमरीत चालणारी एस/४हाना ही ईआरपी २०१५ मध्ये आणल्यावर सॅपने पुढच्याच वर्षी बीडब्ल्यू/४हाना हे नवं वेअरहाउसही आणलं. डीलरचं टॅली, वाहतूकदाराच्या एक्सेल शीट, जुन्या सॉफ्टवेअरमधली दहा वर्षं, हे सगळं एकत्र बसायला जागा लागतेच.

गैरसमज : जोडणी हे आयटीचं काम आहे.

मार्चअखेरीची बैठक डोळ्यांसमोर आणा. विक्री विभागाचा आकडा वेगळा, हिशेब विभागाचा वेगळा, स्टोअरचा तिसराच. कुणीही खोटं बोलत नसतं. विक्रीवाले ऑर्डर हाती आली की विक्री धरतात आणि रक्कम जीएसटीसह मोजतात. हिशेबवाले बिलाची तारीख आणि करापूर्वीची रक्कम बघतात. स्टोअरच्या लेखी ट्रक फाटकाबाहेर गेला तेव्हा विक्री झाली. परत आलेला माल कोणत्या महिन्यातून वजा करायचा, यावर तर तिघांचंही एकमत नसतं. कितीही चांगला प्रोग्रामर आणला तरी हा निवाडा त्याने करायचा नाही. ‘निव्वळ विक्री’ म्हणजे काय, ते या तिघांनी एका टेबलाशी बसून लेखी ठरवायचं आणि त्याखाली मालकाची सही घ्यायची. माझा आग्रह आहे की हा कागद तयार झाल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावू नये.

गैरसमज : डेटा क्षणाक्षणाला आला की निर्णय चांगले होतात.

गाडी कुठवर पोचली, हे क्षणाक्षणाला कळायला हवं. नफ्याचं तसं नाही. माल गेला पण बिल व्हायचं आहे, अशा अर्धवट अवस्थेतला नफा पाहून कुणी किंमत बदलली, तर ते नुकसानच.

गैरसमज : रात्री वेअरहाउसमध्ये डेटा भरायचं काम बिनचूक संपलं, म्हणजे आकडे बरोबर.

डेटा उचलणारे प्रोग्राम बहुधा ‘कालपासून बदललेल्या ओळी द्या’ असं विचारतात. कुणी काल एखादी ओळ कायमची काढून टाकली असेल, तर ती बदललेल्या ओळींत येणारच नाही, कारण ती ओळच उरलेली नाही. वेअरहाउसमध्ये मात्र ती जिवंत राहते आणि बेरजेत मोजली जाते. एरर येत नाही, दिवा हिरवाच राहतो. डेटाबेसचा लॉग वाचून बदल टिपणारी पद्धत अशी काढून टाकलेली ओळही पकडते, म्हणून शक्य तिथे तीच वापरावी. तरीही रोज सकाळी दोन्हीकडच्या ओळी मोजाव्यात, रकमांची बेरीज ताडून पाहावी आणि महिन्याला ती तेरजेशी जुळवावी. एका रुपयाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत रिपोर्ट कुणाला पाठवू नये.