साडेपस्तीसचा अणू दाखवा!

वढू बुद्रुकला आम्ही काही जणी संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलींचा अभ्यास घेतो. मी आपली बी.ए. झालेली, त्यामुळे विज्ञानाचं पुस्तक मुलींबरोबरच वाचते. एक दिवस नववीतल्या एकीनं विचारलं, ‘‘काकू, क्लोरीनचं अणुवस्तुमान साडेपस्तीस. मग अर्धा न्यूट्रॉन कुठून आला?’’ तिला न्यायला आलेली आई म्हणाली, ‘‘दहावीनंतर सायन्स नकोच हिला. डोक्यावरून जातं.’’ मैत्रिणींनो, जिला तो अर्धा खटकला, तिच्या डोक्यावरून काय गेलं, सांगा बरं!

कारण साडेपस्तीसचा अणू मुळी नाहीच. क्लोरीन म्हणजे विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरीतला, आपल्या मिठातला. त्याच्या प्रत्येक अणूत प्रोटॉन सतराच. सतरा आहेत म्हणून तर तो क्लोरीन. न्यूट्रॉन मात्र काहींत 18, काहींत 20. म्हणजे एकाचा अणुवस्तुमानांक 35, दुसऱ्याचा 37. रासायनिक गुण तेच, आवर्तसारणीत घर एकच, म्हणून हे ‘समस्थानिक’. इंग्रजीतला ‘आयसोटोप’ हा शब्दही ग्रीकमधून ‘तीच जागा’ याच अर्थानं घेतलेला. तो सुचवला एका बाईनं! मार्गारेट टॉड, स्कॉटलंडच्या डॉक्टर आणि लेखिका. शास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांनी 1913 मध्ये तो वापरला. सॉडींना पुढे नोबेल मिळालं. टॉडबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात सहसा दिसत नाही, पण ते असू द्या.

आता 35 आणि 37 ची सरासरी 36 यायला हवी ना? मुली इथेच अडतात. मी त्या आईलाच विचारलं, ‘‘समजा, तीन गोण्या कांदा बाराशेनं गेला आणि एक आठशेनं. गोणीला सरासरी काय पडलं?’’ ‘‘अकराशे,’’ ती लगेच म्हणाली. ‘‘हजार का नाही?’’ ‘‘अवो ताई, चांगल्या मालाच्या गोण्या तीन हायेत की!’’ झालं! क्लोरीनच्या दर चार अणूंत साधारण तीन 35 चे, एक 37 चा. तीन पस्तिसं एकशेपाच, त्यात सदतीस, एकशेबेचाळीस. भागिले चार, साडेपस्तीस.

मग तांब्याचं विचारलं. समस्थानिक 63 आणि 65, सरासरी साडेत्रेसष्ट. जास्त कोण? पट्टी वाचणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. ‘‘त्रेसष्टवालं,’’ ती म्हणाली. खरंच, निसर्गातल्या तांब्यात ते सुमारे 69 टक्के असतं. लेक आईकडे बघतच राहिली.

कार्बनचं पाहाल तर 12 चे अणू सुमारे 99 टक्के, 13 चे जेमतेम एक टक्का, म्हणून सरासरी 12.01. कार्बन-14 इतका नगण्य की सरासरीत त्याचा पत्ताही लागत नाही. पण इतिहासाला तोच कामी येतो. झाड किंवा जनावर जिवंत असेतो तो त्याच्यात येत राहतो; मेल्यावर आवक बंद, आणि दर 5730 वर्षांनी उरलेला निम्मा होतो. किती उरलाय त्यावरून वय कळतं. आमच्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तिथल्या वस्तीचा काळ इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 असा ठरला, तो अशाच मोजणीच्या आधारानं. तेव्हा तिथली माणसं सातू पिकवायची.