बोट दाखवतो का?

८:४५. कुलूप मीच काढते. जिल्हा रुग्णालयाच्या मागच्या अंगाला आमचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. सगळे ‘डीईआयसी’च म्हणतात. पंखा एकवर ठेवते. जोरात लावला की काही मुलं कानांवर हात ठेवतात.

९:३०. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला जाणाऱ्या पथकानं पाठवलेला मुलगा. वय दोन वर्षं चार महिने. दोन एसट्या बदलून आलेत. “बोलत नाही, पण ह्याचा बापही उशिराच बोलला,” आजी.

मी साबणाचे फुगे उडवते आणि डबी घट्ट बंद करते. एरवी मुलं माझ्या तोंडाकडे बघतात, ‘अजून’ म्हणतात. हा आईचं मनगट धरतो आणि तिचा हात डबीवर नेऊन ठेवतो. आईकडे बघत नाही. हात म्हणजे जणू सांडशी.

“ताई, बोटानं दाखवतो का? कुत्रा, चांदोमामा?”

आई आठवत राहते. पाणी हवं म्हणून दाखवणं वेगळं आणि ‘तुला दिसलं का?’ म्हणून दाखवणं वेगळं. हे दुसरं दीड वर्षापर्यंत यायला हवं. माझा खरा प्रश्न तोच.

एम-चॅट या स्वमग्नतेच्या प्रश्नावलीचे २० प्रश्न विचारून होतात. ही फक्त चाळणी, निदान नव्हे. आधी कानांची बेरा तपासणी, मग बालरोगतज्ज्ञ. पण खेळातून शिकवणं आजपासूनच. निदानाच्या कागदासाठी थांबायचं नाही.

“मॅडम, मोबाइल दिला म्हणून झालं का?”

“मोबाइल कमी कराच. पण स्वमग्नता त्यानं होत नाही. तुमच्यामुळंही नाही.”

आजी पदर सावरते. हा प्रश्न घरात कुणी कुणाला विचारला असेल, ते कळतं.

१२:००. चौथीतला मुलगा. गोष्ट तोंडी झकास सांगतो, वहीत ‘मगर’चं ‘गमर’. शाळेत ‘ढ’. २०१६च्या कायद्यात २१ अपंगत्वं आहेत, त्यात स्वमग्नतेसोबत अध्ययन अक्षमताही आहे. वर्गात मात्र अजून ‘ढ’च.

२:००. डबा. भात गार.

३:००. फॉर्म, शिक्के, झेरॉक्स. सांगण्यासारखं काही नाही.

५:१०. सकाळच्या आईचा फोन. एसटी स्टँडवरूनच.

“मॅडम, आत्ता विमान गेलं. मी बोट दाखवलं त्याला.”

“मग?”

“तो माझ्या बोटाकडंच बघत राहिला.”

मी वही पुन्हा उघडते.